मृत्यूनंतरच्या काळाचे मापन : टेनेसी येथील संशोधन केंद्राचा परिचय

प्रस्तावना

बेवारस मृतदेह सापडल्यावर तपास यंत्रणेपुढे दोन प्रश्न उभे राहतात : ही व्यक्ती कोण आणि तिचा मृत्यू केव्हा झाला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास खरा गुन्हेगार सुटू शकतो आणि निरपराध माणूस संशयात सापडू शकतो. या उत्तराला शास्त्रीय आधार देण्याचे कार्य अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील केंद्राने केले आहे.

पार्श्वभूमी

१९७७ मध्ये टेनेसीतील एका उकरलेल्या जुन्या कबरीत मृतदेह आढळला. मृत्यूला फार तर एक वर्ष झाले असावे, असे अनुमान मानवशास्त्रज्ञ डॉ. विल्यम बास यांनी काढले. प्रत्यक्षात तो देह १८६४ मधील नॅशव्हिलच्या लढाईत मारले गेलेले कर्नल विल्यम शाय यांचा होता. रसायने भरून लोखंडी शवपेटीत बंद केल्यामुळे तो टिकला होता. विघटनाविषयीचे ज्ञान किती अपुरे आहे हे यातून स्पष्ट झाले. पुढे १९८१ मध्ये बास यांनी केंद्रात प्रत्यक्ष अभ्यास सुरू केला.

कार्यपद्धती

येथे मृतदेह उघड्यावर, सावलीत किंवा मातीत पुरून ठेवले जातात व होणाऱ्या बदलांच्या नोंदी घेतल्या जातात. माशा लवकरच अंडी घालतात. अळ्यांच्या वाढीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. ही वाढ तापमानावर अवलंबून असल्याने केवळ दिवस मोजून भागत नाही. म्हणून रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करतात. सरासरी ३० अंशांचे १० दिवस आणि १५ अंशांचे २० दिवस, दोन्हींची बेरीज ३०० येते. इतर परिस्थिती समान असल्यास विघटनही साधारण सारखेच अपेक्षित असते.

मर्यादा व नैतिक बाजू

एका प्रदेशातील निष्कर्ष दुसरीकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. टेक्सासमध्ये गिधाडांनी काही तासांतच देहाचा सांगाडा केल्याचे आढळले. त्यामुळे टेक्सास स्टेट विद्यापीठात २००८ मध्ये व ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रांचे महत्त्व आहे. आपल्याकडील पावसाळी, दमट हवेलाही टेनेसीचे आकडे थेट लावता येणार नाहीत. नॉक्सव्हिल येथे सुरुवातीला बेवारस देहांचाही उपयोग झाला. आज मुख्यतः स्वेच्छेने केलेल्या देहदानावर काम चालते. मृताच्या सन्मानाचा प्रश्न संमतीशी जोडलेला आहे, हे विसरता येत नाही.

समारोप

विज्ञान येथे नेमकी घटिका सांगत नाही, काळाची मर्यादा सांगते. अनुमान आणि निश्चिती यांतील हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासाठी हे उदाहरण वर्गात निश्चितच उपयुक्त ठरेल.