तेरवीनंतरचं जगणं

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरची जुनी ओळख जगदंबेचं देऊळ आणि तिथली नवरात्रातली गर्दी. 2005-06च्या सुमारास मात्र बाहेरगावचे पत्रकार तालुक्याचं ठिकाण असलेल्या पांढरकवड्यात उतरू लागले ते शेतकरी आत्महत्यांचा आकडा विचारायला. विदर्भ जनआंदोलन समिती ही नोंद इथूनच ठेवत होती. 2006च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकारी मदत होती एक लाखाची, तीही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, तगादा होता का, हे सगळं चौकशीत यायचं. मागं राहिलेल्या बाईनं आता कशाच्या बळावर जगायचं, याला रकानाच नव्हता.

हा प्रश्न पुढं नाटकानं विचारला. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं ‘तेरवं’. त्यात उभ्या राहिल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्या बायकाच. स्वतःचं आयुष्य रंगमंचावर पुन्हा जगून पाहिलं की माणूस त्याकडं नव्यानं बघू शकतो, हे व्हिएन्नात जेकब मोरेनो यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मनोनाट्य ही उपचारपद्धती त्यातून आली. घरात पांढऱ्या कपाळानं खाली मान घालून वावरणारी बाई चारचौघांसमोर मोठ्यानं बोलते, तेव्हा तिच्यात काय हलत असेल, याचा अंदाज मला 11 जानेवारी 2019ला आला. यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द झालं होतं. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, म्हणजे ‘तेरवं’मधल्याच एका अभिनेत्रीनं. पुढच्या जन्मावर आपला विश्वास नाही, याच जन्मात लढून जगायचं आहे, असं त्या म्हणाल्या. जगण्याच्या अर्थाबद्दल त्या संमेलनात याहून खरं काही बोललं गेलं असेल, असं मला वाटत नाही.

तरी एक धास्ती वाटते. तेच दुःख प्रयोगागणिक उगाळताना जखम पुन्हा उघडू शकते. टाळ्या वाजवणारे घरी जातात, बाईला रात्र एकटीनं काढायची असते. म्हणून तालमीच्या जागी समुपदेशक हवाच. 2015पासून राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आहे. त्याची माणसं आणि नाटकवाले एकत्र बसले, तर केळापूर तालुक्यात सुरुवात अवघड नाही. इथल्या गोंड-कोलामांची दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, दिवाळीला होतेच. सोंग घेऊन मनातलं बोलणं इथं कुणाला शिकवावं लागत नाही. बायकांसाठी गावातलं समाजमंदिर आठवड्यातून एक दुपार मोकळं ठेवा, आणि कापूस वेचणीच्या हंगामात त्या दुपारची मजुरी बुडणार नाही एवढं बघा.