फेफरे, सी.टी. स्कॅन आणि मेंदूतली गाठ



आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी यांवरच लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी जिवाशी निगडित आहे.

धडधाकट माणसाला फेफरे आले की कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल, कुणी देवऋष्याकडे नेतो. त्यात दिवस जातात, आणि दुसरा झटका विहिरीच्या काठावर आला तर जिवावरच बेततं.

ऊस उभा चिरला की लाल कूज दिसते. माणसाचं डोकं तसं चिरता येत नाही, म्हणून सी.टी. स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. तेव्हा एकेका थराला काही मिनिटे लागत. आता सारा मेंदू काही सेकंदांत टिपला जातो. शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिले की चित्र अधिक बोलते. पाटाला भगदाड असेल तिथेच पाणी झिरपते. तसेच सुजलेल्या जागी हे औषध झिरपते आणि गाठ पांढऱ्या कड्यासारखी उठून दिसते.

असे कडे दिसले की क्षयाची गाठ समजून लांबलचक औषधे सुरू होत. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया व सहकाऱ्यांनी फेफऱ्याच्या रुग्णांतील अशा कड्यांवर १९८७ साली निबंध प्रसिद्ध केला. १९८९ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवले, की अशा एकट्या लहान गाठी बहुधा पट्टकृमीच्या अळीच्या असतात. बऱ्याचशा कालांतराने विरूनही जातात. तरीही क्षय किंवा कर्करोगाची गाठ नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवावे. जंताचे औषध मनाने घेऊ नये. त्याने मेंदूची सूज वाढू शकते. फेफऱ्याच्या गोळ्याही मनाने बंद करू नयेत.

"आम्ही माळकरी, आम्हाला हा जंत कसा?" असे काही जण विचारतील. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीवरून किंवा हातांवरून पोटात जातात. म्हणून शौचालय वापरा. तोडणी मजुरांच्या कोप्यांजवळही त्याची सोय करा. कोथिंबीर, मुळा, गाजर स्वच्छ पाण्याने धुऊन खा.

तपासणीपूर्वी मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी किंवा गरोदरपण असल्यास आवर्जून सांगा.

झटका आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर गाडी जोडा आणि थेट दवाखाना गाठा.