सोडतीची चिठ्ठी आणि संभाव्यतेचें गणित

भोर अथवा वेल्हे येथें सरपंचपदांच्या आरक्षणाची सोडत असली म्हणजे डोंगरांतल्या वाड्यांपासून नीरेकांठच्या गांवांपर्यंतचीं माणसें तालुक्याच्या ठिकाणीं जमतात. चिठ्ठ्या घडी करून बरणींत टाकल्या जातात. बहुधा एखादें शाळकरी मूल हात घालून चिठ्ठी काढतें आणि क्षणांत एका गांवचा पांच वर्षांचा प्रश्न निकालांत निघतो. कोणी पेढे वांटतो, तर कोणी "यांत कांहीं काळेंबेरें आहे" असें पुटपुटत घरची वाट धरतो. अशा वेळीं न्याय कोणता व भ्रम कोणता, हें सांगण्याचें साधन गणितांत आहे. त्यासच संभाव्यतेचें गणित म्हणतात.

या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे मोजणें. वेल्हे तालुक्यांतील राजगडाचेंच उदाहरण घ्यावें. (तालुक्यास याच गडाचें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला.) गडास पद्मावती, संजीवनी व सुवेळा अशा तीन माच्या आहेत. त्या किती निरनिराळ्या क्रमांनीं पाहतां येतील? पहिल्या माचीसाठीं ३ पर्याय, ती पाहिल्यावर दुसरीसाठीं २, आणि शेवटीं १ च उरते. गुणाकार ३ × २ × १ = ६. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें हाच विषय अंकपाश या नांवानें मांडला. चार हातांत चार आयुधें किती प्रकारें धारण करतां येतील, याचें उत्तर २४. आणि दहा हातांत दहा वस्तु असल्या तर ३६,२८,८००! संख्या किती झपाट्यानें वाढते हें येथें दिसतें.

सोडतींत मात्र क्रमास महत्त्व नसतें. चिठ्ठी आधीं निघाली काय किंवा मागून निघाली काय, फळ एकच. समजा, एका खोऱ्यांत १० गांवें आहेत व त्यांपैकीं ५ गांवांचें सरपंचपद स्त्रियांसाठीं राखून ठेवावयाचें आहे. (खऱ्या सोडतींत निरनिराळे प्रवर्गहि असतात, विवेचनाच्या सोयीसाठीं ते येथें सोडले आहेत.) क्रमासह पांच चिठ्ठ्या काढण्याचे प्रकार १० × ९ × ८ × ७ × ६, म्हणजे ३०,२४०. परंतु त्याच पांच गांवांचा गट १२० निरनिराळ्या क्रमांनीं येतो. म्हणून भागाकार करावा. वेगळे गट २५२ भरतात.

आतां एका विशिष्ट गांवाची संभाव्यता पाहूं. तें गांव गटांत आलेंच असें धरल्यास उरलेलीं चार गांवें नऊंतून निवडावीं लागतात. त्याचे प्रकार १२६. अनुकूल प्रकार १२६ व एकूण प्रकार २५२, म्हणजे संभाव्यता निम्मी. दहांपैकीं पांच, हें तर उघडच होतें. परंतु शेजारचीं दोन्ही गांवें एकदम निवडलीं जाण्याची संभाव्यता किती? निम्म्याचें निम्में, म्हणजे एक चतुर्थांश, असें पुष्कळजण चटकन सांगतील. तें चूक आहे. एक गांव निघाल्यावर उरलेल्या ९ चिठ्ठ्यांत जागा ४ च राहतात. म्हणून १/२ × ४/९ = २/९. काढलेली चिठ्ठी परत बरणींत जात नाहीं, यामुळें दुसऱ्या गांवाचें भाग्य पहिल्याशीं बांधलेलें असतें.

संशयाचेंहि गणित मांडतां येतें. एकाच ओढ्याकांठचीं पांच गांवें निघालीं तर लोक लबाडीचा वहीम घेतात. त्या पांचांचा गट निघण्याची संभाव्यता १/२५२ खरी. परंतु दुसऱ्या कोणत्याहि पांचांचीहि तितकीच आहे. निकाल पाहिल्यानंतर त्यांत नवल शोधणें हा पुरावा नव्हे. सोडतीपूर्वींच कोणी ती पांच नांवें सांगितलीं आणि दोन सोडतींत तींच निघालीं, तर मात्र ६३,५०४ मध्यें एक अशी ती घटना असल्यानें बरणी तपासणें रास्त ठरेल.

दुसरा भ्रम याहून सार्वत्रिक आहे. "तीन वेळां आमच्या गांवावर पाणी पडलें, आतां तरी आमचीच चिठ्ठी निघणार," असें म्हटलें जातें. प्रत्येक वेळीं दहाहि चिठ्ठ्या नव्यानें टाकल्या, तर तीनदां हुकण्याची संभाव्यता १/८ असली तरी चौथ्या वेळची आशा पूर्वीइतकीच, म्हणजे निम्मी. कागदाच्या चिठ्ठीस मागची आठवण नसते.

ती आठवण कायद्यास ठेवावी लागते. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींच्या अध्यक्षपदांपैकीं निदान एक तृतीयांश पदें स्त्रियांसाठीं राखून, तीं निरनिराळ्या पंचायतींत आळीपाळीनें फिरवावीं असें ठरविलें. महाराष्ट्रांत २०११ पासून हें प्रमाण निम्मे झालें आहे. वरील दहा गांवांत पहिल्या वेळीं निघालेल्या पांच चिठ्ठ्या दुसऱ्या वेळीं बाजूस ठेवल्या, तर उरलेल्या पांचांची संभाव्यता निम्मी न राहतां पूर्ण एक होते. सोडत पहिल्या वेळीं पक्षपात टाळते आणि आळीपाळी दुर्दैवाची पुनरावृत्ति टाळते.

म्हणून विद्यार्थ्यानें सूत्र पाठ करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. एकूण प्रकार किती? त्यांत अनुकूल किती? आणि काढलेली चिठ्ठी परत बरणींत जाते कीं नाहीं? या तिहींचीं उत्तरें ज्यास नीट देतां येतात, तो निकालानें हर्षित होईल वा खिन्न होईल. परंतु सहसा फसणार नाहीं. डोंगरांतल्या एखाद्या वाडींतील स्त्री उद्यां सरपंचाच्या खुर्चीवर बसली, तर ती नुसत्या नशिबानें बसली असें मग तो म्हणणार नाहीं. चिठ्ठी नशिबाची असली, तरी बरणींत ती घालणारा नियम माणसांनींच विचारपूर्वक केलेला असतो.