कण्हेर वाचली, पण नक्की कशामुळे?

आपल्याकडे कण्हेर म्हणजे हायवेच्या दुभाजकावरचं झाड. धूर खाते, ऊन खाते, तरी फुलते. इंग्लंडमध्ये मात्र तिचे लाड करावे लागतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, वारा लागणार नाही अशी जागा शोधायची. बरेच जण तर कुंडीतच लावतात आणि थंडीत उचलून आत ठेवतात.

पहिल्या वर्षी मी गाईडना ऐटीत सांगितलं, "सर, भिंतीजवळची जगली, मोकळ्यावरची मेली. म्हणजे भिंतीची ऊब." ते म्हणाले, "ऊबच कशावरून?" माझी बोलती बंद!

आता बघा ना, विटांची भिंत दिवसा ऊन शोषते आणि रात्री ती उष्णता सोडते, हे झालंच. पण निरभ्र रात्री पानांची उष्णता आकाशाकडे निघून जाते. भिंत त्या आकाशाचा मोठा तुकडा झाकते. वारा अडवते. आणि पाऊससुद्धा अडवते, त्यामुळे तिच्या पायथ्याची माती कोरडी राहते. कण्हेरीच्या मुळांना थंडीतला चिखल अजिबात मानवत नाही. म्हणजे चार कारणं एकाच भिंतीत गुंतलेली, आणि मी त्यातलं मला आवडलेलं उचललं होतं.

मग म्हटलं, भिंतीशी वीस रोपं लावू, मोकळ्यावर वीस. तरी चुकलंच! भिंत एकच ना? मग एन वीस नाही, एक. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं. वेगवेगळ्या भिंती हव्यात. सगळ्या कुंड्यांत माती एकच हवी. काही रोपांना भिंतीशिवाय नुसता वाऱ्याचा आडोसा, काहींवर फक्त पावसापुरतं छप्पर, आणि कुठलं रोप कुठे हे चिठ्ठ्या टाकून. (छाटताना हातमोजे घाला, कण्हेर विषारी आहे.)

अजून एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, ती म्हणजे रोपाचा पूर्वेतिहास. बॅजर, ब्योर्कमन आणि आर्मंड यांच्या 1982 च्या पेपरात काही कण्हेरी दिवसा 45 आणि रात्री 32 अंशांत वाढवल्या होत्या, काही 20 आणि 15 अंशांत. थंडाव्यात वाढलेल्यांचं प्रकाशसंश्लेषण कमी तापमानाला सरस निघालं, तर गरमीत वाढलेल्यांची पानं जास्त उष्णता सोसू शकली. झाड तेच, पानं बदललेली. म्हणून माझ्या वहीत आता पहिला रकाना आहे: रोप कुठून आलं, आणि तिथे किती तापमान होतं.