जुन्या संगणकासाठी आरंभक्षम चकतीची प्रतिमा

प्रयोगशाळेतील एखादे जुने मापनयंत्र आयबीएम पीसीच्या पिढीतील संगणकास जोडलेले असते. तो संगणक ज्या एकमेव फ्लॉपीवरून सुरू होतो ती निकामी झाली, की यंत्रासह त्याची मापनेही हातची जातात. अशा फ्लॉपीवरील सर्व फाइली दुसऱ्या फ्लॉपीवर बिनचूक उतरविल्या, तरीही पुष्कळदा संगणक सुरू होत नाही.

याचे कारण असे की, १९८१ साली आलेल्या या संगणकाला आरंभी ‘फाइल’ ही कल्पनाच ठाऊक नसते. त्याच्या रॉममधील आज्ञावली चकतीचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, स्मृतीत ३१७४४ या स्थानापासून मांडते आणि पुढील सूत्रे त्याच्या स्वाधीन करते. इतक्या तोकड्या जागेत फाइलींचा धांडोळा घेणारी आज्ञावली मावणे कठीण. म्हणून पीसी-डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत हा सेक्टर मूळ निर्देशिकेतील पहिल्या दोन नोंदी तेवढ्या तपासतो. तेथे आयबीएमबायो.कॉम व आयबीएमडॉस.कॉम ही नावे त्याच क्रमाने असावी लागतात. साध्या नकलेत पहिला सेक्टर उतरतच नाही आणि हा क्रमही टिकेलच असे नाही. किंबहुना, येथे बाइटांचे स्थान हाही मजकुराचाच भाग होय.

प्रतिमा म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंतचे सर्व बाइट, रिकाम्या जागेसह, क्रमवार साठविलेली एकच फाइल. ४० ट्रॅक, २ बाजू व प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर धरता तिचा आकार ३,६८,६४० बाइट भरतो. मूळ चकती वाचता येत असेल तर तिची प्रतिमा प्रथम घ्यावी. नसेल तर अनुकारी आज्ञावलीत कोरी प्रतिमा जोडून डॉसच्या फॉरमॅट आज्ञेस ‘एस’ हा पर्याय द्यावा, आणि ती प्रतिमा तेथेच सुरू करून पाहावी.

खरी अडचण पुढेच आहे. १९८४ च्या पीसी-एटीबरोबर आलेल्या १.२ मेगाबाइट ड्राइव्हचे शीर्ष ८० ट्रॅकांच्या मापाचे, म्हणून अरुंद असते. पूर्वी वापरलेल्या चकतीवर त्याने लिहिले, तर नव्या अरुंद ट्रॅकच्या कडेला जुने लेखन शिल्लक राहते. मूळ संगणकाचे रुंद शीर्ष ती दोन्ही एकदमच वाचते व गोंधळते. अभ्यासक मात्र दोष प्रतिमेत शोधत बसतो! लेखनासाठी ४० ट्रॅकांचीच ड्राइव्ह घ्यावी. ती न मिळाल्यास पूर्वी कधीही न लिहिलेली, अथवा चुंबकाने संपूर्ण पुसलेली, दुहेरी घनतेची चकती वापरावी.