'अवतार' शब्दाची उलट दिशा

'अव' उपसर्ग व 'तॄ' धातू यांपासून सिद्ध झालेल्या 'अवतार' शब्दाचा मूळ अर्थ 'खाली उतरणे' असा आहे. मराठीत तो 'काय हा अवतार!' असा गबाळ्या वेषापर्यंत उतरला, ही गोष्ट निराळी. संगणकावरील खेळांच्या परिभाषेत हा शब्द आणणाऱ्यांत अमेरिकन रचनाकार रिचर्ड गॅरियट हे अग्रणी होत. त्यांच्या १९८५ च्या 'अल्टिमा ४' या खेळात खलनायकाचा वध करावयाचा नसतो. सचोटी, करुणा, शौर्य आदी आठ सद्गुण आचरून खेळाडूने स्वतःच 'अवतार' व्हावयाचे असते. म्हणजे येथे देव उतरत नाही, माणूस चढतो. पुढे 'पडद्यावरील खेळाडूची प्रतिमा' हा अर्थ रूढ झाला, त्यात मात्र बाहेरच्या कर्त्याने परक्या देहात उतरणे पुन्हा आले. व्युत्पत्तीला हाच अर्थ अधिक जवळचा आहे, असे आम्हांस वाटते.

गॅरियट यांनी चढणे व उतरणे ही दोन्ही प्रत्यक्ष देहाने केली. दृष्टिदोषामुळे अंतराळवीर होता येणार नाही, असे अंतराळवीराच्या या पुत्रास बालपणीच सांगण्यात आले होते. खेळांतून मिळविलेले द्रव्य खर्चून ते २००८ मध्ये सोयुझ यानाने आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले, आणि २०२१ मध्ये पॅसिफिक महासागरातील सुमारे ११ किलोमीटर खोल अशा चॅलेंजर डीपच्या तळाशी उतरले.