कराटे शिकल्याने मुलींना खरंच सुरक्षित वाटतं का?

नेरी, भिसी, खडसंगीकडून चिमूरला शाळा-कॉलेजात येणाऱ्या मुलींच्या पालकांना वाटतं, हिला कराटेला घालावं. जरूर घाला, मात्र ठोसा मारता यावा एवढ्याचसाठी नको.

अचानक कुणी हात धरला तर अनेकांचा हात उठतच नाही. अंग थिजतं, आवाज फुटत नाही. हा भित्रेपणा नाही. लढणं आणि पळणं यांच्याप्रमाणेच थिजणं हीसुद्धा संकटातली शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. छातीत धडधडत असतानाच मनगट सोडवण्याचा, 'मागे हो!' असं ओरडण्याचा सराव पुन्हा पुन्हा केला की शरीराला काय करायचं ते आठवण्याची शक्यता वाढते. ज्युदोमध्ये तर आधी पडायलाच शिकवतात. पडूनही उठता येतं हे एकदा अंगाला कळलं की बराच धाक जातो. (जंगलवाटेवरच्या वाघापुढे यातलं काही चालत नाही. तिथे सोबत हवी आणि उजेडात घरी परतणं हवं.)

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. केवळ माहितीपत्रकं मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, १२ तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. त्या मुली कॉलेजातल्या होत्या, त्यामुळे हेच आकडे शाळकरी मुलींना लावता येणार नाहीत. पण त्या प्रशिक्षणात हाणामारी हा एकच भाग होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं आणि भीड मोडून नकार देणं, यावरही भर होता.

म्हणून क्लास निवडताना बेल्टचा रंग पाहू नका. तिथे बोलायला, नाही म्हणायला शिकवतात का? प्रशिक्षक विचारून हात लावतात का? पालकांना बसून पाहू देतात का? सरकारी शाळेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण योजना आहे, त्याबद्दल मुख्याध्यापकांना विचारा.

सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल बराच आढळतो. रिपोर्ट 'एसएस' असेल तर अतिश्रम आणि पाण्याची कमतरता यांमुळे तीव्र वेदना उठू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करा. 'एएस' म्हणजे वाहक मुलांना खेळायला हरकत नाही, पण मे महिन्याच्या उन्हात त्यांना दमछाक होईपर्यंत पळवू नये. पाणी आणि विश्रांती हवीच. डोक्याला मार लागून उलटी, चक्कर किंवा गोंधळ झाला तर सराव लगेच थांबवून दवाखाना गाठा.

आणि शिकूनही ऐनवेळी मुलगी थिजली, तर 'तुला कराटे येत होतं ना?' हा प्रश्न घरात कुणी विचारू नये. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांखालील प्रत्येकाला पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असू द्या.